लायब्ररीची खोली

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना 'आयटी कंपनीत मोठ्या पदावर' असं म्हटलं. पद काही मोठं नाही, मीटिंगा मात्र मोठ्या असतात. मला दिलेला विषय होता 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं'. तो मी बदलून मागितला, कारण त्यावर व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी एक भाषण येतंच. मला आज बोलायचंय एका खोलीबद्दल. आपल्या लायब्ररीच्या खोलीबद्दल.

यात माझा स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकते. आपल्या १९९४ च्या बॅचने शाळेला काहीतरी द्यायचं ठरवलं, साडेसहा लाख रुपये जमले, आणि लायब्ररी द्यायची यावर सगळ्यांचं एकमत झालं. आपल्या बॅचचं एकमत झालेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. आता चहानंतर बैठक आहे आणि तिथे आराखडा मंजूर व्हायचाय. तो आराखडा मी पाहिलाय. माझा त्याला विरोध आहे. पाठीमागे कुजबुजण्यापेक्षा सरांच्या आणि बाईंच्या समोर माइकवर सांगितलेलं बरं, म्हणून इथे उभी आहे.

पण आधी जुनी लायब्ररी आठवा. शनिवारचा शेवटचा तास. दोन मुलं पुस्तकांचा गठ्ठा उचलून वर्गात आणायची आणि हजेरी क्रमांकाने वाटप व्हायचं. माझा नंबर सदतीस. गठ्ठ्यातलं सदतिसावं पुस्तक जे निघेल ते माझं. एकदा मला शेळीपालनावरची पुस्तिका मिळाली. गुलमंडीच्या आमच्या वाड्यात शेळी बांधायला जागा कुठली! तरी वाचली, कारण दुसरं मिळणार नव्हतं. शेळीला कोणते लसूणघास-पाला द्यावा हे मला आजही ठाऊक आहे. मागच्या बाकावरचे हसताहेत, पण त्यांनी त्यांच्या पुस्तकांचं पानही उलटलं नव्हतं.

आठवीत असताना बाईंनी मला दाखल रजिस्टर लिहायला बोलावलं. अक्षर चांगलं होतं म्हणून. (बाईंचं नाव घेत नाही. समोरच बसल्या आहेत, अजूनही ओरडतील.) तेव्हा मी पहिल्यांदा ती खोली आतून पाहिली. प्रयोगशाळेच्या शेजारची, तळमजल्यावरची. तीन लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, शहाबादी फरशी आणि उत्तरेला एक मोठी खिडकी. बाहेर कडुनिंब. खिडकीचा कट्टा इतका रुंद होता की पाय वर घेऊन बसता यायचं. एप्रिलच्या दुपारी सगळी शाळा तापलेली असायची, आणि त्या कट्ट्यावर मात्र गार वाटायचं. रजिस्टर लिहून झालं की बाई म्हणायच्या, "घे कपाटातलं कोणतंही एक." कोणतंही एक! वयाच्या तेराव्या वर्षापर्यंत मी स्वतः एकही पुस्तक निवडलेलं नव्हतं. त्या दिवशी निवडायला मला एवढा वेळ लागला की शिपाईकाका कुलूप घेऊन दारात उभे राहिले.

पुढे मी इंजिनिअर झाले, नोकरी लागली, परदेशात चांगल्या लायब्रऱ्या पाहिल्या. पण लायब्ररी म्हटलं की अजूनही तो कट्टाच डोळ्यांपुढे येतो. आज सकाळी मुद्दाम जाऊन ती खोली पाहिली. आत मोडके बाक आहेत आणि कुठल्यातरी विज्ञान प्रदर्शनाचा थर्माकोलचा ज्वालामुखी आहे. खिडकी आहे. कडुनिंबही आहे, आता दुसऱ्या मजल्याच्या वर गेलाय.

नव्या आराखड्यात लायब्ररी दुसऱ्या मजल्यावर पश्चिमेच्या टोकाला जाते. समोर पूर्ण काच, फॉल्स सीलिंग, दोन एसी, काचेच्या दारांची कपाटं, वीस टॅब्लेट आणि दाराशी काळ्या ग्रॅनाइटवर आपल्या सगळ्यांची नावं. चित्रात सुंदर दिसतं. आणि खरं सांगायचं तर, टॅब्लेटची सूचना माझीच होती. मार्चमध्ये ग्रुपवर टाकलेला माझा तो मेसेज तुमच्यापैकी कुणीतरी आत्ता काढून दाखवेलच. माझं मत का बदललं ते सांगते.

काही वर्षांपूर्वी आम्ही काही मित्रांनी मिळून खेड्यातल्या एका शाळेला दहा संगणक दिले होते. हार, नारळ, फोटो, सगळं झालं. दीड वर्षाने मी सहज डोकावले. खोलीला कुलूप. उघडल्यावर दहाही संगणक कव्हरखाली नीट झाकलेले, की-बोर्डवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. मुख्याध्यापकांना मी दोष देत नाही. वस्तू महाग, बिघडली तर जबाबदारी कोणाची, म्हणून कुलूप. चूक आमचीच होती. मूल तिथे कसं येईल, केव्हा येईल, किल्ली कोणाकडे असेल, यातलं काहीही आम्ही विचारलं नव्हतं. आमच्या धंद्यात याला म्हणतात वापरणाऱ्याला न विचारता बांधलेलं सॉफ्टवेअर. तसं मी बरंच बांधलंय, तेही कबूल करते.

मग गेल्या दिवाळीत मी कोपरगावला गेले.

आपल्याकडून वैजापूरमार्गे दोन-अडीच तास. गोदावरी, उसाचे ट्रॅक्टर, साखर कारखाने. तिथल्या शारदा शाळेत 'माया सोमय्या लायब्ररी' आहे. मुंबईचे वास्तुरचनाकार समीप पडोरा यांच्या कार्यालयाने केलेली, २०१८ साली पूर्ण झालेली. जगभरच्या वास्तुकलेच्या नियतकालिकांनी ती छापली. लंडन-न्यूयॉर्कची माणसं कोपरगावचं नाव उच्चारायला शिकली असतील ती या लायब्ररीमुळे. आणि आपण शंभर-सव्वाशे किलोमीटरवर राहून ती पाहिलेली नाही. हात वर करा, कुणी पाहिलीय? बघा, एकही नाही.

तिला मिळालेली जागा म्हणजे शाळेच्या आधीच्या इमारती आणि कुंपण यांच्यामध्ये उरलेली अरुंद पट्टी. अशा पट्टीत आपण काय करतो? सायकल स्टँड. तिथे त्यांनी पातळ विटांचं एक लाटेसारखं छत उभं केलं. ते जमिनीतूनच उगवतं, वर जातं, वळतं आणि पुन्हा जमिनीला टेकतं. त्यामुळे मुलं छतावरून चालू शकतात. नुसती चालत नाहीत, पळतात, बसतात, डबा खातात. छप्पर म्हणजे शाळेतली टेकडीच झालीय. आणि टेकडीच्या पोटात पुस्तकं.

आत गेल्यावर मान आपोआप वर जाते. छताला तुळया नाहीत. विटांची कमान डोक्यावरून वळत जाते, आणि कमानी जिथे उघड्या राहतात तिथून उजेड येतो. कडेला छत खाली उतरतं, तिथे उंच कपाट मावतच नाही, मोठ्या माणसाला वाकावं लागतं. ती जागा मुलांचीच राहते.

आता थोडं इंजिनिअरिंग. गणिताच्या सरांनी माफ करावं, त्यांच्या तासाला मी याच भागात झोपले होते. ही माझ्या गळ्यातली साखळी. दोन टोकं दोन हातांत धरली की मध्ये तिला एक झोळ पडतो. साखळीला फक्त ताण सोसता येतो, म्हणून ती स्वतःच असा आकार घेते की तिच्यात ताणाशिवाय दुसरं काही राहतच नाही. आता हाच आकार उलटा करा. जो ताण होता तो दाब होतो. रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात हे ओळखलं. वीट नेमकी उलट असते. दाब कितीही द्या, सोसेल. ताण दिला की तडकते. म्हणजे उलट्या साखळीच्या आकारात विटा लावल्या तर छत अगदी पातळ ठेवूनही उभं राहतं. कोपरगावला हा आकार शोधायला राइनोव्हॉल्ट नावाचं सॉफ्टवेअर वापरलं. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी ते तयार केलंय. संगणकात हजारो साखळ्यांची जाळी टांगायची, तिला झोळ पडू द्यायचा आणि मग ती उलटी करायची. मूळ कल्पना एवढीच.

विटा लावायची पद्धत त्याहून जुनी, स्पेनमधल्या कॅटलोनियाची. पातळ विटा आडव्या ठेवून एकावर एक थर द्यायचे. ती पद्धत ग्वास्ताविनो नावाच्या कारागीर-इंजिनिअरने एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत नेली, आणि त्याचं तिथलं पहिलं मोठं काम कोणतं? बॉस्टनचं सार्वजनिक ग्रंथालय. मला हे वाचून फार गंमत वाटली. बॉस्टनच्या ग्रंथालयात गाजलेली कमान सव्वाशे वर्षांनी कोपरगावच्या ग्रंथालयात येते, आणि मधला पूल असतो एका सॉफ्टवेअरचा. माझ्या धंद्याबद्दल मला अभिमान वाटावा असे प्रसंग थोडे येतात, त्यातला हा एक. त्या लायब्ररीत संगणक दिसत नाही, पण त्याने केलेलं काम डोक्यावर आहे.

तरी मला सगळ्यात जास्त काय पटलं असेल, तर मधल्या सुट्टीतलं दृश्य. एक मुलगा छतावर पालथा पडून खालच्या मैत्रिणीशी काचेतून खाणाखुणा करत होता. ती आत पुस्तक घेऊन बसलेली. थोड्या वेळाने तो धावत खाली उतरला आणि आत गेला. तिला खेळायला बाहेर काढायला गेला होता हे उघड होतं. दहा मिनिटं झाली, दोघंही बाहेर आले नाहीत. लायब्ररी वाटेवर असली की असं होतं. दुसऱ्या मजल्याच्या पश्चिम टोकाला कुणी कुणाला खेळायला बोलवायला जात नाही.

उत्तम लायब्ररी ओळखायची कशी, याचाही मग मी थोडा शोध घेतला. ग्रंथपालांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतर्फे, म्हणजे इफ्लातर्फे, सार्वजनिक ग्रंथालयाचा एक जागतिक पुरस्कार असतो. पाच हजार डॉलरचा, आणि ती रक्कम देते डेन्मार्कची एक सॉफ्टवेअर कंपनी. इमारतीचा दर्जा त्यात पाहतातच, पण ती आजूबाजूच्या वस्तीशी आणि तिथल्या संस्कृतीशी कशी जोडली गेलीय, आतली जागा गरजेप्रमाणे बदलता येते का, हेही पाहतात. २०१९ साली हेलसिंकीच्या 'ऊदी' ग्रंथालयाला तो मिळाला. संसदेच्या समोर, प्रचंड, देखणं. ते सगळ्यांना माहीत असतं. मला त्याच्या आदल्या वर्षीचा मानकरी जास्त आवडतो. नेदरलँड्समधल्या डेन हेल्डर या बंदराच्या गावातलं ग्रंथालय, नाव 'स्कूल ७'. ती एक जुनी शाळा होती. तिला नवा भाग जोडून ग्रंथालय केलं आणि जगात पहिला क्रमांक मिळवला. त्याच्याही आधी, २०१४ साली, मेलबर्नजवळच्या क्रेगीबर्नच्या ग्रंथालयाला हा सन्मान मिळाला होता. त्याच्या भिंती ठासून भरलेल्या मातीच्या आहेत. माती! आपल्या आजोळच्या घरांच्या भिंती काढून आपण स्लॅब टाकले, आणि तिकडे मातीच्या भिंतीला जगातलं पहिलं बक्षीस.

आपल्या राज्यातही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने उत्कृष्ट सार्वजनिक ग्रंथालयांना पुरस्कार दिले जातात. शहरी वेगळे, ग्रामीण वेगळे, शिवाय अ, ब, क, ड असे वर्ग. चांगली गोष्ट आहे. पण तो ग्रंथालयाच्या कामाचा गौरव आहे, खोलीचा नाही. खोलीकडे पाहून 'शाब्बास' म्हणायची सवय आपल्याला नाहीच. गावोगावची वाचनालयं आठवा. निजामाच्या राजवटीत मराठी माणसांनी हट्टाने चालवलेली, पुस्तकांनी गच्च भरलेली. त्या माणसांनी हाती लागेल ती जागा घेतली, कुठे देवळाची ओवरी तर कुठे कुणाच्या वाड्याचा ओटा. त्यांना दुसरा इलाज नव्हता. आपल्याला आहे.

आणि ज्यांच्या नावाने तो पुरस्कार आहे त्यांनी काय केलं? दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं, ते पुस्तकांसाठी. वरचा मजला ग्रंथालयाला. कोलंबिया आणि लंडनची ग्रंथालयं वापरलेला माणूस तो, वाचणाऱ्याला कशी जागा लागते हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. त्याच माणसाने १९५० मध्ये आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. आपल्यातले चौघे तिथे शिकले, ते समोरच बसलेत.

आता खोलीच्या उन्हाचा प्रश्न. पश्चिमेला पूर्ण काच! अहो, मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळिसाला टेकतो. चार वाजता त्या काचेसमोर बसून बघा. मग पडदे लागतील, पडदे लागले की दिवे लागतील, एसी लागेल, आणि वीज गेली की सगळ्यांनी बाहेर यायचं. शाळेचं वीजबिल कोण भरणार हे आराखड्यात लिहिलेलं नाही. हे आपल्या शहराला शोभत नाही, कारण आपल्या शहराला ही विद्या येत होती. पाणचक्कीला शाळेची सहल दरवर्षी जायची. तिथल्या मोठ्या हौदाखाली एक दालन आहे, आठवतं? हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. डोक्यावर पाणी, म्हणून खाली गारवा. पाणी कित्येक किलोमीटरवरून मातीच्या नळांतून आणलेलं, आणि हे करून ठेवलंय अठराव्या शतकात. आपण तिथे जाऊन काय केलं, तर माशांना कुरमुरे टाकले.

आपल्याला हौद बांधायचा नाही. आपल्याकडे उत्तरेची खिडकी आहे, तीच पुरे. उत्तरेचा उजेड डोळ्यांवर येत नाही, पानावर सावली पडत नाही. फक्त एक लक्षात ठेवायचं. आपलं शहर साधारण वीस अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्यसुद्धा थोडा उत्तरेकडे असतो. म्हणून त्या खिडकीला छज्जा हवा. सध्याचा तुटलाय. दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज मी काढून आणलाय, गवंड्याला सकाळी दाखवलंही.

कपाटांचं बोलते. काचेची दारं म्हणजे पुन्हा कुलूप. आपल्या देशातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांचा सगळा आग्रह होता की कपाटं उघडी असावीत, वाचकाने स्वतः जाऊन पुस्तक हातात घ्यावं. याला आता नव्वदहून अधिक वर्षं झाली. पुस्तकं हरवतील, असं शाळेतून कुणीतरी म्हणेल. हरवतील की. वर्षाला दहा-वीस जातील. मी स्वतः एक नेलेलं आहे, दहावीच्या निरोप समारंभाच्या दिवशी. आज परत आणलंय. बाई, दंड काय होतो ते सांगा.

नावांच्या पाटीबद्दल बोलणं जरा अवघड आहे, कारण पैसे सगळ्यांनी दिलेत. पण मुंबई विद्यापीठाची गोष्ट ऐका. प्रेमचंद रायचंद या शेठजींनी आधी ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले, आणि मग घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आईचं नाव, राजाबाई. इमारतीचा आराखडा केला लंडनच्या गिल्बर्ट स्कॉट यांनी, जे भारतात कधी आलेच नाहीत. १८७८ मध्ये काम पूर्ण झालं. आता सांगा, राजाबाई टॉवर कोणाला माहीत नाही? आणि त्याच्या पायथ्याशी रंगीत काचांच्या खिडक्यांचं ग्रंथालय आहे हे किती जणांना माहीत आहे? मला पंचवीस वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हतं. नाव उंच लागलं आणि ग्रंथालय त्याच्या सावलीत गेलं. पुढे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या मदतीने त्या वास्तूची निगुतीने दुरुस्ती झाली, आणि २०१८ मध्ये युनेस्कोच्या वारसा-संवर्धन पुरस्कारांत तिची दखल घेतली गेली. तिथून चालत पाच-सात मिनिटांवर काळा घोड्याचं डेव्हिड ससून ग्रंथालय, १८७० ची इमारत. त्याला २०२३ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. मूळची ती संस्था टाकसाळ आणि गोदीतल्या तरुण कामगार-तंत्रज्ञांनी स्वतःसाठी काढलेली. शिफ्ट संपवून वाचायला येणारी माणसं. म्हणजे आमच्याच जातकुळीची! आणि पुरस्कार कशाला मिळाला? नवं काही बांधल्याबद्दल नाही, असलेलं नीट जपल्याबद्दल.

तेव्हा माझी मागणी अशी. नवी खोली नको. जुनी खोली उघडू. तळमजला आहे, मैदानाच्या वाटेवर आहे, पाण्याच्या टाकीजवळ आहे. म्हणजे सुट्टीत प्रत्येक मूल तिच्यावरूनच जातं. दार आत्ता प्रयोगशाळेच्या बोळात उघडतं, ते बंद करून व्हरांड्याकडे नवं दार काढू. भिंत विटांची आहे, भार वरच्या तुळईवर आहे, हे मी आपल्यातल्याच स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घेतलंय. तो आधी आराखड्याच्या बाजूने होता, आता तळ्यात-मळ्यात आहे. कपाटं बिनदाराची, पाचवीच्या मुलीचा हात वरच्या फळीला लागेल एवढीच उंच. खिडकीचा कट्टा तसाच, फक्त आणखी दोन खिडक्यांना तसे कट्टे. फरशी शहाबादीच, घासून घेतली की झालं. छताला पंखे. एका कोपऱ्यात दोन संगणक, वीस टॅब्लेट नकोत. आणि जे पैसे उरतील, ते ठेव म्हणून ठेवून त्याच्या व्याजातून एका ग्रंथपाल ताईंचं अर्धवेळ मानधन. ते पुरणार नाही. म्हणून दर महिन्याला आपण तीस जणांनी प्रत्येकी थोडी रक्कम टाकायची, हे मला आज तुमच्याकडून कबूल करून घ्यायचंय. खोली एकदा बांधून होते, पण किल्ली रोज कुणीतरी उघडावी लागते. बाईंनी ती एकोणीस वर्षं उघडली, आणि त्यांच्या नावाची पाटी कुठेही नाही.

फोटोत हे सगळं साधं दिसेल, हे मला मान्य आहे. उद्घाटनाला पाहुणे आले तर 'एवढंच?' म्हणतील. कोपरगावसारखी लाट आपल्याला परवडणार नाही आणि तिची नक्कलही करायची नाही. तिथल्या जागेला जे सुचलं ते तिथे झालं. आपल्या जागेत कडुनिंब आहे.

एक आक्षेप मला आधीच कळलाय. आमचा एक मित्र काल रात्री म्हणाला, "अगं, आताची पोरं मोबाइल बघतात, ती तुझ्या कट्ट्यावर कशाला येतील?" त्याला मी उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे नव्हतं. माझा स्वतःचा मुलगाही पुस्तकाला फारसा हात लावत नाही. कोपरगावला तो सोबत होता. तिथे मात्र छतावरून उतरल्यावर आत जाऊन अर्धा तास बसला. काय वाचलंस विचारलं तर म्हणाला, "काही नाही, बसलो होतो." मला ते उत्तर चाललं. शेळीपालनावरून सुरुवात केलेल्या बाईने फार अपेक्षा ठेवू नये.

तर बैठक चहानंतर आहे. ती वर हॉलमध्ये ठेवलीय, पण माझी विनंती आहे की चहाचे कप घेऊन सगळे खाली त्या खोलीत या. किल्ली मी शिपाईकाकांच्या मुलाकडून घेतलीय, तो आता इथेच नोकरीला आहे. बाक बाजूला करायला चार जण लागतील, आणि तो ज्वालामुखी उचलायला दोन. टेप मी आणलीय. बाई, तुमच्यासाठी खिडकीजवळ खुर्ची ठेवलीय.